मथळा माझा चुकला, ताई

ताई, तुम्ही फक्त 'एका पोस्टमनची बहीण' अशी सही केलीत, म्हणून ताईच म्हणतो. तुमची तक्रार अशी, की 'पोस्टात लागलात? दहा हजारांत भागवा' हा माझा लेख तुमच्या भावाला सांगून आलेल्या मुलीच्या मामांनी वाचला आणि बोलणी थंडावली. भावाच्या हातात तर महिन्याला पस्तीस हजार पडतात. शिवाय ग्रामीण डाक सेवकांना, म्हणजे गावच्या शाखेत दिवसाचे काही तास काम करणाऱ्यांना, 'हे सरकारी नोकर नव्हेतच' म्हणून मी त्यांचा अपमान केला. आणि जाता जाता चिमटा: 'पेन्शनवर बसून बोलणं सोपं असतं, काका.'

चिमटा कबूल. पेन्शन आहे, आणि तीही जुनी.

मथळ्याचंही तुमचं बरोबर आहे. पोस्टमन म्हणजे सरकारी वेतनश्रेणीतली लेव्हल ३, मूळ पगार २१,७००. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी महागाई भत्ता १२,५८६. आपलं इंदूर 'वाय' वर्गातलं शहर, म्हणून घरभाडे भत्ता २० टक्के, ४,३४०. झाले ३८,६२६, आणि वाहतूक भत्ता त्यात धरलेलाच नाही. पेन्शनसाठीची एनपीएसची कपात गेली तरी पस्तीसच्या खाली येत नाही. हे सगळं नुकत्याच लागलेल्या पोराचं. एमटीएसला (मल्टी टास्किंग स्टाफ) मूळ १८,०००, काउंटरवरच्या पोस्टल असिस्टंटला २५,५००. मी स्वतः असिस्टंट म्हणूनच निवृत्त झालो, हे आकडे मला झोपेत विचारा.

पण माझा लेख या मंडळींवर नव्हताच, तो डाक सेवकांवर होता. मथळ्यात ते लिहिलं नाही, ही चूक माझी.

तो रागात का लिहिला, तेही सांगतो. आमच्या सुदामानगरातला एक मुलगा, दहावीला शहाण्णव टक्के, पुढे इंजिनिअर. डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नाही. यादीत नाव आलं, आईनं गल्लीभर पेढे वाटले, 'पोस्टात लागला!' नेमणूक देपालपूरकडच्या एका गावात, सहायक शाखा डाकपाल. गावात खोली घ्यावी लागली. पहिल्या महिन्याचा हिशेब घेऊन तो माझ्याकडे आला. कागदावर 'टीआरसीए' असं होतं. म्हणाला, "काका, पगार कुठे लिहिलाय?" मी म्हटलं, बाळा, हाच.

टीआरसीए हा कामाच्या तासांवर ठरणारा भत्ता. जुलै २०१८ पासून सहायकाला चार तासांचे १०,००० आणि पाच तासांचे १२,०००. शाखा डाकपालाला तेच १२,००० आणि १४,५००. वर महागाई भत्ता मिळतो. तो मी लेखात धरला नव्हता, म्हणजे माझे दहा हजारही अर्धवटच. वरच्याच ५८ टक्क्यांनी ते १५,८०० होतात. घरभाडे भत्ता मात्र नाही. सरकारी पेन्शनही नाही. पोरानं सात महिन्यांत सोडलं.

या नोकरीची मूळ कल्पनाच जोडधंद्याची. नियमातच आहे, की सेवकाला उपजीविकेचं दुसरं साधन हवं. माझ्या सब-ऑफिसखाली सात शाखा होत्या. त्यातल्या एका डाकपालाचं ऑफिस म्हणजे त्याच्याच घराची पडवी: गव्हाच्या पोत्यांशेजारी टेबल, टेबलावर तारखेचा शिक्का, शाईची गादी, खाली लोखंडी पेटी. जागा त्याची, दिवा त्याचा. घरची बारा बिघे जमीन होती, म्हणून त्याला ते परवडायचं. (तेव्हा या लोकांना आम्ही 'ईडी' म्हणायचो, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. 'ईडीवाले आले' म्हटलं की आम्ही चहा सांगायचो. आता लोकांना घाम फुटतो.)

आता अपमानाचं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे लोक सरकारी पद धारण करतात, पण नियमित सेवेच्या बाहेरचे. त्यामुळे चौकशी न करता त्यांना काढता येत नाही. म्हणजे 'नव्हेतच' हा माझा शब्द चुकला, तो मागे घेतो. 'नियमित नव्हेत' एवढं ठेवतो. हा फरक माझा नाही, ताई, खात्याचाच आहे. तुमचा भाऊ साठाव्या वर्षी निवृत्त होईल, डाक सेवक पासष्टाव्या वर्षी. विभागीय परीक्षा देऊन सेवकाचा पोस्टमन होतो, पण मधली वर्षं काढायची कशावर, हे पेढे वाटण्याआधी विचारलेलं बरं.

याच प्रतिक्रियांत आणखी कुणी विचारलंय, पोराला इथून महाराष्ट्रात डाक सेवक होता येईल का, पुण्याला आत्या आहे म्हणून. दहावीपर्यंत मराठी विषय घेतलेला असेल तर. इंदूरच्या आपल्या बहुतेक मुलांनी हिंदी-संस्कृत घेतलेलं असतं. घरात रोज मराठीत भांडता, ते गुणपत्रिकेवर येत नाही.

मथळा सकाळीच बदलला आहे, 'डाक सेवक' हे शब्द पुढे आणले आहेत. मामांना नव्या लेखाची लिंक पाठवा, आणि सोबत भावाची पगाराची स्लिप. त्यावर 'लेव्हल ३' असं छापलेलं असतं, तिथे बोट ठेवून दाखवा. तरीही ऐकले नाहीत तर मला कळवा, रामबागेत येणंजाणं असतंच माझं, बसतो त्यांच्याशी.