पिशवी सोडण्याचा शास्त्रोक्त विधी

घट उठले, दसरा झाला, सोनं वाटून झालं. आता तुमच्या घरात एक पिशवी उरली असेल. आत सुकलेल्या झेंडूच्या माळा, घटातली ओली माती, उगवलेलं धान, उदबत्तीचं रिकामं पुडकं. आणि हे सगळं ज्यात कोंबलंय ती पातळ पिशवी महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, म्हणजे भाजीवाला ती गोणपाटाखालून काढून देतो. या पिशवीचं काय करावं हे काही अडाणी लोकांना कळत नाही. ते माती कुंडीत ओततात आणि फुलं खताच्या डब्यात टाकतात. आपण सुशिक्षित माणसं. आपण ती पिशवी मुठा नदीत सोडायची. सोडण्याचीही एक पद्धत असते, ती नीट समजून घ्या.

गाडी पुलाच्या मधोमध थांबवावी. कडेला लावली तर पिशवी पाण्यात न पडता काठावरच्या चिखलात पडते, आणि देवाला ते आवडत नाही. मागचे हॉर्न वाजवतील. पार्किंग लाइट लावून ठेवावेत, म्हणजे पुण्यात गाडी कुठेही उभी केली तरी ती नियमातच बसते.

चप्पल काढावी. श्रद्धेत तडजोड नको.

मग जाळी. पुलांच्या कठड्यांवर महापालिकेने उंच लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. नदीतलं प्लास्टिक रोखायचं याहून स्वस्त तंत्रज्ञान नाही. वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, आणि नागरिकांवर पालिकेचा किती विश्वास आहे ते फुटात मोजता येतं. जाळी पाहून खचू नये. पिशवीला गाठ मारावी, दोनदा गरगर फिरवावी आणि गोफणीसारखी सोडावी. याचं प्रात्यक्षिक मी गेल्या रविवारी सकाळी फारच जवळून पाहिलं. पुढच्या गाडीतून आमच्याच सोसायटीतले एक काका उतरले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, जोरात टाका, मागच्या वेळी अडकली होती." काकांनी जोरात टाकली. पिशवी जाळीच्या टोकाला लागली, फाटली, आणि नऊ दिवस मुरलेला देवीचा चिखल माझ्या हेल्मेटवर, मानेवर आणि तिथून शर्टाच्या आत. (हो, पुण्यात राहून मी हेल्मेट घालतो. हसा.) काका म्हणाले, "सॉरी हं. प्रसाद समजा."

पिशवी जाळीतच फडफडत राहिली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी सोडण्याच्या आदल्या दिवशी नद्या साफ करणाऱ्या एखाद्या परदेशी यंत्राचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असावा. काकांनी शनिवारी रात्री टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आपल्याकडे हे कधी होणार?" आणि जोडलेले तीन हात. व्हिडिओ बोयान स्लाटचा. या डच मुलाने सोळाव्या वर्षी ग्रीसच्या समुद्रात बुडी मारली, तर माशांपेक्षा प्लास्टिकच जास्त. २०१३ मध्ये त्याने ओशन क्लीनअप ही संस्था काढली. २०१८ मध्ये ६०० मीटर लांबीचा तरंगता अडसर पॅसिफिकमध्ये ओढून नेला. प्लास्टिक आत यायचं आणि तसंच बाहेर निघून जायचं. डिसेंबरात अडसराचा १८ मीटरचा तुकडाच निखळला. हा भाग ग्रुपवरच्या व्हिडिओत नसतो. पोरगं हरलं नाही. पुढे जाळं दोन जहाजांनी ओढायला घेतलं, आणि शिवाय नद्यांच्या मुखाशी कचरा अडवणारी यंत्रं बसवली, कारण समुद्रात घाण येते ती नद्यांतून. म्हणजे बघा, तो भर समुद्रातून मागे मागे येत नदीपर्यंत पोचला. अजून थोडा मागे आला की पुलावर येईल. तिथे काका उभे आहेत, चप्पल काढून.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०१४ पासून जोन्स फॉल्स नदीच्या तोंडाशी एक पाणचक्की बसली आहे. नदीच्याच प्रवाहावर फिरते, प्रवाह कमी पडला तर सौर ऊर्जेवर, आणि कचरा पट्ट्यावरून वर ओढून घेते. वर दोन बटबटीत डोळे लावलेत. ॲमस्टरडॅममध्ये २०१९ मध्ये कालव्याच्या तळाशी भोकाभोकांची नळी तिरकी टाकली. तिच्यातून हवा सोडतात, बुडबुड्यांचा पडदा उठतो, कचरा कडेला सरकतो आणि मासे नि होड्या आरपार जातात. छानच आहे. बुडबुडे आपल्या मुठेतही येतात, पण ते सांडपाण्याचे. आणि खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, बाकीचे महिने नदी वाहते आहे की साचली आहे हे काठीने ढोसून बघावं लागतं. या दोन्ही अवस्थांत तग धरील असं यंत्र आणा म्हणावं त्या डचांना! आणलं तरी ते पकडणार तरंगणारा कचरा. काकांच्या पिशवीत किलोभर माती आणि एक नारळ. ती तळाला जाते हो, सरळ तळाला!

जमल्यास जपानी जिवाणूची वाट पाहावी. साकाई शहरात सापडलेला, बाटल्यांचं प्लास्टिक खाणारा, २०१६ मध्ये जाहीर झालेला. तुमची पिशवी पॉलिथिनची, तिला तो तोंड लावत नाही. पण वाट पाहायला पैसे पडत नाहीत.

आणि पिशवी पुढे कुठे जाते याचा विचार करू नये. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी धरणात थांबते आणि मग पंढरपूर. तुम्हाला सुट्टी मिळत नाही, गुडघे दुखतात. तुमच्या पिशवीला मात्र, आतली माती वाहून गेली की, वारी घडू शकते. वाटेत उजनीत एखाद्याच्या मासेमारीच्या जाळ्यात अडकली तर मुक्काम. नाहीच अडकली तर चंद्रभागा, जिथे कोणीतरी म्हातारी आजी डोळे मिटून बुडी मारते आणि ओंजळीत तेच पाणी घेते. तेच! तुमच्या उदबत्तीच्या पुडक्याचं!

नाही, आता गंमत पुरे. काका, तुम्ही हे वाचाल म्हणून सरळच लिहितो. निर्माल्य कलश पुलाच्या टोकाला होता, तुमच्या गाडीपासून पन्नास पावलांवर. घटाची माती तुमच्याच गॅलरीतल्या तुळशीला चालली असती. कचरा न्यायला रोज दारात ताई येतात, ओला-सुका वेगळा मागतात, तर त्यांच्याशी तुम्ही महिन्याच्या पैशांवरून जिन्यात हुज्जत घालता. आम्ही सगळे ऐकतो. सोमवारी सकाळी एक माणूस बांबूला आकडा बांधून तुमची पिशवी जाळीतून सोडवत होता. हातात मोजे नव्हते. "आपल्याकडे हे कधी होणार" म्हणून विचारलंत ना? होतंय. रोज होतंय. तुम्हाला तो माणूस दिसत नाही, कारण त्याला सौर पॅनेल लावलेलं नाही. तुम्ही इंजिनिअर आहात, मुलगा रॉटरडॅमला आहे, आणि दोनशे ग्रॅम फुलं तुम्हाला पिशवीतून काढता येत नाहीत? लाज वाटू द्या थोडी.

तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा. आणि खाली या, माझं हेल्मेट धुवायचंय.