इंचभर जागा सोडली असती तर काय बिघडलं असतं, साहेब?

मॉरिस मायनर बनवणारा डिझायनर ॲलेक इसिगोनिस आत्ता समोर असता ना, तर कॉलर धरून माझ्या मायनरखाली झोपवला असता त्याला. हातात पाना दिला असता आणि म्हटलं असतं, काढ आता मास्टर सिलिंडर. तूच ठेवलायस तिथे, तूच काढ!

गाडी १९५८ची, मायनर १०००. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवला की पॅडल हळूहळू खाली जायचं. बाहेर गळती नाही, म्हणजे पॅडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं. ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. मास्टर बसला की चारही चाकं राम भरोसे, म्हणून बदलायलाच हवा. एरवीच्या गाडीत हे तासाभराचं काम. बॉनेट उघडा, दोन नट, एक पाइप, संपलं.

इथे? इथे मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसच्या पट्टीच्या आत कोंबलाय. ब्रेक ऑइल बघायचं तरी कार्पेट उचला, जमिनीतलं झाकण काढा, आत बोटं घाला. पन्नास-साठ वर्षांची माती, काथ्या, शेंगदाण्याची टरफलं काठावर टपून बसलेली असतात, टोपण उघडायची खोटी. हेसुद्धा सोसलं असतं. पण मास्टर धरून ठेवणारे दोन आडवे बोल्ट आहेत ना, ते चेसिसमधून आरपार. नट निघतो, बोल्ट सरकायला लागतो, आणि टण्णकन थांबतो. कारण समोर पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी सळई! बोल्ट निघावा म्हणून पुढच्या चाकावरचं वजन पेलणारा बार जॅक लावून, ताण सोडवून बाजूला करायचा. दोन बोल्टांसाठी!

आणि हा तोच माणूस बरं का, ज्याला तयार प्रोटोटाइप अरुंद वाटला म्हणून त्याने तो मधोमध कापला आणि ४ इंच रुंद केला. बॉनेटवर मधून जी सपाट पट्टी जाते ती त्याचीच खूण. डोळ्याला बरं दिसावं म्हणून गाडी कापायला तयार, पण बोल्टला बाहेर यायला इंचभर वाट ठेवायला नाही! म्हणे दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी. त्या दहा लाखांतल्या किती जणांनी आडवं पडून ह्याचा उद्धार केला असेल, कोण जाणे.

बरं, आपल्याकडचे आधीचे मिस्त्री काय कमी? पाइपच्या नटाला ७/१६चा इंची पाना लागतो. ११ मिलिमीटरचा चढत नाही, मग १२चा लावायचा, तो फिरतो, मग व्हाइस ग्रिप. नटाचे कोपरे असे गुळगुळीत करून ठेवले होते की शाळिग्राम म्हणून देव्हाऱ्यात ठेवावा. नाना पेठेत इंची पाना मागितला तर पोरगं माझ्याकडे असं बघतं जणू मी बैलगाडीचा आख मागितलाय.

नवा मास्टर इंग्लंडहून मागवला. वर कस्टम ड्युटी, कुरिअरचा हिशेब वेगळाच. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं, 'अगदी ओरिजिनलसारखा.' सारखा! पुशरॉड, म्हणजे पिस्टन ढकलणारा दांडा, जुन्यापेक्षा किंचित लांब. किंचित म्हणजे नखभर, पण तेवढ्याने पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक सुटतच नाहीत. कात्रजपर्यंत जाऊन आलो तर तापलेल्या ब्रेक ड्रमला हात लावता येईना. म्हणजे पुन्हा जॅक, पुन्हा आडवा. शेवटी जुनाच रॉड घासूनपुसून घातला. पैसे कशाचे घेता रे तुम्ही? डब्याचे?

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला भाच्याला पॅडलवर बसवला. मी खालून ओरडतोय, "दाब... धर... धर म्हटलं ना! आता सोड," आणि साहेबांच्या एका हातात मोबाइल. "काका, दाबलंच आहे की!" चाकाजवळचा हवा काढायचा निपल उघडलेला, पॅडल भलत्या वेळी सुटलेलं, नळीतून बुडबुडे उलटे आत. ब्रेक ऑइल कोपरापर्यंत ओघळलेलं, आणि एक थेंब दाराखालच्या पट्टीच्या रंगावर. ते रंग खातं हे सांगायला नको.

आणि कठड्यावर चहा पीत उभे असलेले सोसायटीतले सल्लागार! "डिस्क ब्रेक टाकून घ्या ना." "एवढ्यात ॲक्टिव्हा आली असती." आली असती, काका. तुम्हीच घ्या आणि तिच्यावरून माझ्या गेटसमोरून हला.

बोल्ट मी या वेळी उलटे घातलेत, आतून बाहेर, नट टॉर्शन बारच्या बाजूला. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला बार सोडवावा लागणार नाही. आभार नकोत. फक्त १२चा पाना लावलास तर बघ.