रिटुक्सिमॅब ‘साधी सलाईन’ नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन जणांनी टाकला. त्यात लिहिलं होतं ते थोडक्यात असं: आमवातावरची रिटुक्सिमॅब ही साधी सलाईनच असते, औषध जळगावहून आणा आणि गावच्या दवाखान्यात तासाभरात लावून घ्या, आधीच्या रक्ततपासण्या म्हणजे पैसे काढणं, पहिल्या वेळी त्रास झाला नाही तर पुढे होत नाही, बारीक तापासाठी तारीख चुकवू नका. माझी जिजी तीन वर्षांपासून हेच औषध घेते आणि रावेरहून जळगावला प्रत्येक वेळी मी तिच्यासोबत जाते, म्हणून उत्तर देते.

आधी ते ‘तासाभरात’. आमवातात सहसा एका वेळी १००० मिलिग्रॅम देतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढंच. पहिल्या वेळी सुरुवात ताशी ५० मिलिग्रॅमने होते. काही त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवत ताशी ४०० पर्यंत नेतात. हिशोब मांडा, सव्वाचार तास होतात. हे औषध रक्तातल्या बी पेशींना (रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) चिकटून त्यांना नष्ट करतं. एकदम खूप पेशी फुटल्या तर थंडी वाजते, ताप येतो, बीपी उतरतं, दम लागतो. म्हणून अर्धा तास आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची गोळी देतात. आपण केळीला ठिबकने पाणी देतो. घाई झाली म्हणून तेच पाणी पाटाने सोडत नाही.

जिजीला पहिल्या वेळी चाळीस मिनिटांनी घशात खाज सुटली. “घशात काहीतरी खवखव करून राह्यलं,” एवढंच ती पुटपुटली. सिस्टरने त्याच क्षणी सलाईन बंद केली, बीपी पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. अर्ध्या तासाने निम्म्या वेगाने पुन्हा सुरू झाली. ऑक्सिजन आणि ॲड्रेनॅलिन (जोराच्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी हवं, शेजारी लक्ष ठेवणारं माणूस हवं. गावच्या डॉक्टरांना मी कमी लेखत नाही. आमच्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, “ताई, हे माझ्याकडे नको.”

बाटली आणायचं म्हणाल तर ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पिशवीत घालून एसटीने नेली तर औषध खराब होतं. थेट बर्फात दाबली तर गोठतं, तेही चालत नाही. औषध जिथे लागणार तिथेच घ्यावं.

तपासण्यांबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. हिपॅटायटिस बी झालेला माणूस बरा दिसतो, पण विषाणू यकृतात दबून राहू शकतो. बी पेशी गेल्या की तो पुन्हा उठतो, कधी शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनी, आणि यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. त्यासाठी नुसती ऑस्ट्रेलिया अँटिजेनची (हिपॅटायटिस बीची नेहमीची) रक्तचाचणी पुरत नाही, अँटी-एचबीसी ही दुसरी चाचणीही हवी. जुना संसर्ग तिच्यात दिसतो. संसर्ग निघाला तर औषध कायमचं बंद होतं असंही नाही, विषाणूवरच्या गोळ्या आधी सुरू करता येतात. आमवातावरचंच इन्फ्लिक्सिमॅबसारखं दुसरं औषध असेल तर टीबीची तपासणी अजिबात टाळू नका, दबलेला टीबी त्याने जागा होतो.

‘पुढे त्रास होत नाही’ हेही खोटं. पहिल्या वेळी जास्त होतो, हे खरं. पण रिटुक्सिमॅबचा काही भाग उंदराच्या प्रथिनाचा असतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. म्हणून पुढच्या वेळीही त्रास होऊ शकतो. आजही काही वाटलं की जिजी सांगते, मी विचारते आणि सिस्टर बीपी पाहते. बीपीची सकाळची गोळी घ्यायची की थांबवायची, हेसुद्धा आम्ही दर वेळी आधी विचारून घेतो, कारण सलाईन चालू असताना बीपी उतरू शकतं.

राहिला ताप. मागच्या नोव्हेंबरात तारखेच्या दिवशी जिजीला खोकला होता आणि अंग कोमट लागत होतं. न्यायचं की नाही, म्हणून मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, “आज नको.” छातीत संसर्ग निघाला. तो बरा होईपर्यंत औषध पुढे ढकललं, आणि तीन आठवड्यांनी तिने ते घेतलं.