रूटला 30 जीबी : तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी : लिनक्ससाठी डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कसे पाडावेत यावरच्या माझ्या लेखावर विसंबून तुम्ही 512 जीबीच्या एसएसडीवर रूटला (जिथे सिस्टीम राहते) 30 जीबी दिले आणि उरलेली सगळी जागा होमला (जिथे आपल्या फायली राहतात). आठ महिन्यांत रूट तुडुंब भरलं, होममध्ये मात्र 380 जीबी नुसते पडून आहेत. म्हणून 'वेगळं होम हे जुनं खूळ, सरळ एकच पार्टिशन करावं' असं तुमचं म्हणणं.

30 चा आकडा चुकला, हे मान्य. तो ठरवला तेव्हा माझ्या मशीनवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) नव्हतं आणि फ्लॅटपॅकही (ॲप टाकण्याची एक पद्धत) नव्हतं. दोघांचाही पसारा एरवी /व्हार/लिबमध्ये, म्हणजे रूटच्याच वाट्याला येतो. तुमच्यासारखं काम असेल तर आज मी 80 च्या खाली जाणार नाही. एसएसडीवर पार्टिशनमुळे वेग वाढत नाही, हेही बरोबर. फिरत्या डिस्कचा बाहेरच्या कडेचा भाग जास्त वेगाने वाचला जायचा, तेव्हा त्या हिशेबाला अर्थ होता.

पण एकच पार्टिशन? ते मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतली चार मशीन मी सांभाळतो. प्रत्येकात 120 जीबीची एसएसडी, आणि सुरुवातीला सगळीकडे एकच पार्टिशन केलं होतं. एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची पद्धत) आपणहून 5 टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. म्हणजे मुलांनी कितीही भरलं तरी सिस्टीमच्या हाताशी 6 जीबी उरतात. लेक्चरचे व्हिडिओ मावेनात म्हणून मी ट्यून-टू-एफएस ही कमांड चालवून ती राखीव जागा शून्यावर आणली. महिनाभरात एका मशीनची डिस्क काठोकाठ भरली, त्यातच अपडेट सुरू झालं, नव्या कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) फायली अर्धवट लिहिल्या गेल्या आणि मशीन पुन्हा सुरू होईना. पेनड्राइव्हवरून बूट करून पाहिलं, तर शिल्लक जागा 0. आता उडवायचं काय? एकाच फोल्डरमध्ये तीसेक मुलांच्या नोट्स, कुठली फाइल कुणाची ते कळेना, आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली. शेवटी 90 जीबी एका जुन्या यूएसबी डिस्कवर उतरवून घेतले. जवळजवळ तासभर जिन्यात बसून ती हिरवी पट्टी सरकताना पाहत होतो. होम वेगळं असतं तर मुलांच्या फायलींना हात न लावता रूट फॉरमॅट करून वीस मिनिटांत मोकळा झालो असतो.

राखीव जागा काढली ही चूक माझीच. पण ती एका कमांडने निघते, पार्टिशनची भिंत तशी निघत नाही.

तुमची अडचण माझ्या मते वेगळीच आहे : सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकली. एक्स्ट-फोर चालू मशीनवर वाढवता येते, लहान करायची तर आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून बाहेर काढावी लागते. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम तर व्यवहारात लहान होतच नाही. म्हणून एलव्हीएम (जागेची वाटणी नंतरही बदलू देणारी व्यवस्था) घ्या, रूटला 80, होमला 200 द्या आणि बाकीची जागा कुणालाच देऊ नका. जिथे कमी पडेल तिथे एलव्हीएक्सटेंड कमांडला 'आर' पर्याय जोडून वाढवा, फाइल सिस्टीमही सोबतच वाढते. हे मूळ लेखात असायला हवं होतं. आज घातलं आहे, आकडाही बदलला आहे.

तुम्हाला मात्र आत्ता डिस्क पुसायची गरज नाही. फ्लॅटपॅकचे ॲप 'युजर' पर्यायाने पुन्हा टाका, ते तुमच्या होममध्ये जातील. डॉकरची सेवा थांबवा, त्याचं फोल्डर होमच्या पार्टिशनवर कॉपी करा आणि डीमन-जेसन या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डेटा-रूट'ला नवा पत्ता द्या. सगळं नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच जुनं फोल्डर काढा.

त्याआधी एकदा 'डीएफ' कमांड 'आय' पर्यायासह चालवून बघा. एक्स्ट-फोर साधारण दर 16 केबीमागे एक आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) बनवते, म्हणजे 30 जीबीत जेमतेम 18-19 लाख. डॉकरच्या बारीकसारीक फायली ते आधी संपवतात, आणि तेव्हा जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असाच निरोप येतो. रूटच्या ओळीत काय आकडा दिसतो ते इथेच कळवा.