वाडगे एक वाजून चार मिनिटांनी टेबलावर होते

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण सहा जण मेलबर्नच्या फुट्स्क्रे भागातील आमच्या फोच्या, म्हणजे व्हिएतनामी नूडल्स-सूपच्या, दुकानात जेवायला आलात आणि त्याच रात्री एक तारा देऊन आपण जे लिहिलेत, ते मी तीनदा वाचले. पाऊण तास ताटकळत ठेवले, सूप आणले तेव्हाच कोमट होते आणि वर पाणचट, नूडल्सचा लगदा झालेला, रविवार म्हणून जादा पैसे घेतले आणि शाकाहारी आईंपुढे माशाचा सॉस ठेवला, अशा आपल्या तक्रारी आहेत. आपला रविवार आमच्यामुळे बिघडला याबद्दल मी दिलगीर आहे. आईंच्या बाबतीत जे घडले ती आमचीच चूक होती. त्याविषयी खाली लिहिते. आपण मराठीत लिहिलेत म्हणून मीही मराठीत लिहीत आहे, कारण टार्नीट, पॉइंट कुककडची जी मराठी मंडळी शनिवार-रविवारी आमच्याकडे येतात ती हे वाचणार, आणि त्यांनी एकच बाजू वाचावी असे मला वाटत नाही.

आधी वेळेचे. आमच्या दाराशी एक वही असते, तिच्यात नावापुढे वेळही लिहिली जाते. आपले नाव १२ वाजून २७ मिनिटांनी लिहिलेले आहे. जुलैचा रविवार, बाहेर दहा-अकरा अंशांची थंडी आणि बारीक पाऊस. अशा दिवशी या भागात सगळ्यांनाच एकाच वेळी गरम सूप हवे असते. १२.३५ ला दोन टेबले मोकळी झाली, ती मी आपल्याला देऊ केली. पण ती एकमेकांपासून लांब होती आणि आपल्याला सगळ्यांना एकत्र बसायचे होते. इच्छा अगदी रास्त होती, फक्त त्यापुढची अकरा मिनिटे आमच्या खात्यावर मांडू नयेत एवढेच म्हणणे आहे. १२.४६ ला आपण बसलात, १२.५० ला ऑर्डर यंत्रात गेली आणि १.०४ ला सहाही वाडगे टेबलावर आले. वहीतल्या नावापासून वाडग्यापर्यंत ३७ मिनिटे होतात, पाऊण तास होत नाही.

आता मला जे खरोखर लागले ते. ‘सूप आणले तेव्हाच कोमट होते’ या वाक्यासोबत आपण जो फोटो जोडला आहे, तो कृपया एकदा मोठा करून पाहावा. आपल्या चिरंजीवांच्या डोक्यामागे, गल्ल्याच्या वर, आम्हाला नूडल्स पुरवणाऱ्यांनी भेट दिलेले घड्याळ दिसते आणि त्यात एक वाजून सव्वीस मिनिटे झालेली आहेत. प्रामाणिकपणे सांगते की ते घड्याळ चार मिनिटे पुढे आहे. माझ्या सासूबाईंनी ते मुद्दाम तसे ठेवले आहे आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. म्हणजे फोटो १.२२ चा. वाडगा काठोकाठ भरलेला आहे, तुळस आणि मोड आलेले मूग शेजारच्या ताटलीत जसेच्या तसे आहेत आणि नूडल्स सूपच्या वर डोकावत आहेत. नूडल्स अशा वर आलेल्या दिसल्या की त्यांनी सूप पिऊन टाकले आहे हे आमच्या घरातले शेंबडे पोरही सांगेल.

फोच्या नूडल्स तांदळाच्या असतात. त्या उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून वाडग्यात घालतात, त्यावर चिरलेली कोंबडी आणि कांद्याची पात, आणि सगळ्यात शेवटी चुलीवरच्या पातेल्यातून थेट वाफाळते सूप. त्या क्षणापासून त्या सूप शोषू लागतात, म्हणून हा पदार्थ समोर आला की बोलणे थांबवून खायचा असतो. आपले टेबल दाराजवळचे होते, येणारे-जाणारे सारखे दार उघडत होते, आणि तिथे सूप अठरा मिनिटे राहिले.

त्या अठरा मिनिटांत आपण भारतातल्या आजींना फोनवर सगळे टेबल दाखवत होता. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. आजी प्रत्येक वाडग्यात काय आहे ते विचारत होत्या आणि मुले एकेक वाडगा फोनसमोर धरत होती, हे मी गल्ल्यावरून पाहत होते आणि मला ते पाहून बरेच वाटले, कारण मीही मिरजेला आईशी असेच बोलते. वाढणाऱ्या मुलाने मध्येच येऊन सूप पुन्हा गरम आणून देऊ का असे विचारले, तेव्हा आपण हाताने ‘पाच मिनिटे’ अशी खूण केलीत. मी हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. खरे सांगायचे तर थोडा देतही आहे, पण रात्री साडेदहाला आपण जे लिहिलेत त्यात आजींचा उल्लेख नव्हता.

‘पाणचट’ या शब्दाबद्दलही दोन वाक्ये लिहू द्यावीत. कोंबडीचे हे सूप आदल्या संध्याकाळी चढते. आले आणि कांदे आधी आचेवर काळे होईपर्यंत भाजतात, धणे कोरडे भाजतात, आणि मग मंद आचेवर तासन्‌तास वरचा फेस काढत बसावे लागते, कारण खळखळून उकळी आली की सूप गढूळ झालेच. ते नितळ दिसावे यासाठीच एवढा खटाटोप असतो. पांढरा रस्सा लाल नाही म्हणून त्याला कोल्हापुरात कोणी पाणचट म्हणत नाही. माझ्या सासूबाईंचे आईवडील १९५४ मध्ये व्हिएतनामची फाळणी झाल्यावर उत्तरेकडून दक्षिणेतल्या सायगावला आले, आणि उत्तरेकडचा फो साधाच असतो. ताटलीतला हिरवा पाला, होइसिन हा गोडसर सॉस आणि तिखट सॉस ही दक्षिणेची भर. आपल्या टेबलावर सूप चाखण्याआधीच दोन वाडग्यांत होइसिन पडले, हे सासूबाईंनी भटारखान्याच्या खिडकीतून पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. घरी गेल्यावर बोलल्या.

रविवारचा दहा टक्के अधिभार दारावर, मेन्यूवर आणि गल्ल्याशेजारी लिहिलेला आहे. रविवारी कामगारांना कायद्याने चढा दर द्यावा लागतो आणि तो आम्ही देतो.

आईंच्या बाबतीत मात्र माझ्याकडे घड्याळ नाही. त्यांच्या वाडग्यातले सूप पांढरा मुळा, गाजर आणि अळिंबी यांचे होते, त्याचे पातेले आणि डाव दोन्ही वेगळे असतात, त्याविषयी त्यांनी निश्चिंत राहावे. चूक झाली ती रोलसोबतच्या सॉसमध्ये. नेहमीच्या सॉसमध्ये माशाचा अर्क असतो. सोयाबीनचा शाकाहारी सॉस आमच्याकडे आत तयार होता, पण त्या मुलाने सवयीने नेहमीचाच आणला, आणि आईंनी एक रोल त्यात बुडवून खाल्ल्यावर आपण विचारलेत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी आमचे बरेच बौद्ध गिऱ्हाईक शाकाहारी असते, त्या दिवशी आम्ही हा सॉस न विचारता समोर ठेवतो. इतर दिवशी तेवढे लक्ष राहिले नाही. मी आईंची क्षमा मागते. वाढणाऱ्यांना सूचना दिली आहे आणि मेन्यूवरही काही खूण करण्याचा विचार आहे. दाराजवळच्या टेबलासाठी पडदा किंवा तत्सम काही करता येईल का, तेही पाहत आहोत.

हे एवढे लांबले याचे कारण दुकान अकरा टेबलांचे आहे. आपले लिहिणे आल्यानंतर बुधवारी एका मराठी कुटुंबाने पंधरा जणांचे ठरलेले जेवण रद्द केले. त्याचा याच्याशी संबंध आहे असे मी म्हणत नाही, पण मनात आल्याशिवाय राहिले नाही.

आईंच्या वाडग्याचे आणि रोलचे मिळून २६ डॉलर आपल्याला परत करायचे आहेत. मंगळवारी दुकान बंद असते, बाकी कोणत्याही दिवशी साडेअकराच्या आधी यावे, तेव्हा आतली टेबले मोकळी असतात. पावती आणली नाही तरी चालेल, ती आमच्याकडे वेळेसकट आहे.

आपली,
दुकानाची मालकीण