घर सजवा, राहणाऱ्यांना वगळून

नव्या फ्लॅटचं इंटेरियर करायला घेतलंत ना? मग पहिलं पथ्य सांभाळा. घरात कोण कोण राहणार आहे, हे डिझायनरला सांगू नका. तो विचारणारही नाही म्हणा. तो टॅबवर एक थ्री-डी चित्र दाखवेल. त्यात सोफा असेल, कोपऱ्यात मोठ्या पानांचं एक झाड असेल, टीपॉयवर उघडं पुस्तक आणि न पेटवलेली मेणबत्ती असेल. माणूस नसेल. गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर, चार दिवसांचे पेपर, बॅडमिंटनची रॅकेट, लाइटचं बिल, यातलं काहीच नसेल. हे घर आपलंच, अशी मनाची समजूत घाला आणि टोकनची रक्कम देऊन मोकळे व्हा.

कामाची सुरुवात छतापासून करा. राष्ट्रीय इमारत संहितेनं राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट सांगितली आहे. बिल्डरनं त्यावर सहा-आठ इंचांची मेहेरबानी केली असेल, तर फॉल्स सीलिंग लावून ती ताबडतोब परत करा. जिप्समच्या पायऱ्या आणि त्यांच्या खाचांतून झिरपणारा पिवळसर उजेड, हे आता सक्तीचं आहे. हा उजेड कुणाच्या अंगावर पडत नाही, तो फक्त छताला छत दाखवतो. त्यात पालेभाजी निवडता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, पेपरातली छोटी जाहिरात वाचता येत नाही. पालींची मात्र उत्तम सोय होते. खाचेत कायमचा पत्ता आणि दिव्यावर येणारे किडे घरपोच. पंखा चित्रात वाईट दिसतो म्हणून डिझायनर तो वगळायला सांगेल. वगळा. मे महिना वर्षातून एकदाच येतो.

भिंतींचं बघू. हल्ली बऱ्याच टॉवरांच्या भिंतीत वीट नसतेच. ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून अख्खा मजला उभा करतात, साइटवर त्याला मायवान म्हणतात. या भिंतीत कॅलेंडरसाठी एक खिळा बसवायचा तर वरच्या-खालच्या दोन्ही घरांची वामकुक्षी मोडते. अशा भिंतीवर पुट्टी मारा, पुट्टीवर अर्ध्या इंचाच्या विटांच्या टाइल्स चिकटवा, आणि त्यातल्या दोन-चार मुद्दाम टवके उडालेल्या निवडा. पाहुणे हात फिरवून विचारतील, "जुनी भिंत तशीच ठेवलीत वाटतं?" तुम्ही नुसतं हसा. चोविसाव्या मजल्यावर जुनी भिंत कुठून येणार, हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. पेठेतल्या वाड्याच्या खऱ्या विटा रीडेव्हलपमेंटच्या वेळी ट्रकमधून भरावाला गेल्या, तेव्हा तुम्हीच त्या ट्रकचं भाडं घासाघीस करून कमी केलं होतंत. तो विषय पाहुण्यांसमोर काढू नका.

टीव्हीच्या मागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल हवंच. दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत बोट जात नाही, फडकं जात नाही, धूळ मात्र जाते. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशी सांगू नका. आधी त्यांचा पगार ठरू द्या, मग जुना टूथब्रश हातात द्या.

आता स्वयंपाकघर, कारण खरा पैसा तिथेच मुरतो. भिंत पाडून ते हॉलला जोडा (अर्थात ती मायवानची नसेल तर). याला ओपन किचन म्हणतात. ज्या देशात हे सुरू झालं, तिथे सकाळी टोस्ट आणि संध्याकाळी सॅलड होतं. तुमच्याकडे सुक्या मिरचीची फोडणी पडते. ती पडली की हॉलमधल्या नव्या सोफ्यावर बसलेले व्याही एकदम खोकायला लागतात, आणि संबंध नव्यानं जुळायचे असतील तर ते थोडे लांबतात. यावर उपाय म्हणजे मोठी चिमणी. ती सुरू केली की धूर जातो, पण टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. आवाज वाढवला की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. डाळ करपली की पुन्हा चिमणी. हे चक्र सुखरूप चालू ठेवायचं असेल तर बाहेरून मागवा. ओपन किचन असलेल्या बऱ्याच घरांत शेवटी हेच होतं, आणि ओटा वर्षानुवर्षं नवा राहतो.

ओटा पांढराच हवा. काळा कडप्पा, काळा ग्रॅनाइट हे आईच्या पिढीचे हट्ट होते. त्यांच्यावर काही सांडलं तरी दिसत नसे, म्हणजे तुम्ही किती टापटीप आहात हेही दिसत नसे. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचं बोट उमटलं आणि वेळेत पुसलं नाही, तर त्या बोटाचा ठसा पुढच्या पिढीला दाखवता येतो. त्या दगडाच्या भुकटीत राळ मिसळलेली असते, म्हणून गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर थेट ठेवायची नाही. मग कुठे ठेवायची? हातात धरून उभं राहायचं. व्यायाम होतो.

आणि ट्रॉल्या! स्टीलच्या जाळीच्या, खडखड वाजणाऱ्या ट्रॉल्या काढून टाका. त्यात ताटं उभी राहायची, वाट्या दिसायच्या, पाणी निथळायचं. आता हळुवार मिटणारे ड्रॉवर लावा, तेही विनामुठीचे. ढकललं की उघडतात. कमरेचा धक्का लागला तरी उघडतात, रांगणाऱ्या मुलाचं डोकं लागलं तरी उघडतात, फक्त हाताला पीठ लागलेलं असताना उघडत नाहीत. मिक्सर ओट्यावर दिसू नये म्हणून शटरवालं एक वेगळं कपाट येतं, त्याला डिझायनर गॅरेज म्हणतात. म्हणजे आता तुमच्या मिक्सरला गॅरेज आहे आणि गाडी सोसायटीच्या गेटबाहेर, नाल्याकडेला उभी आहे. अशी प्रगती सगळ्यांच्या नशिबी नसते.

प्लायवूडबद्दल फार खोलात जाऊ नका. कोटेशनमध्ये आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन ग्रेड लिहिलेलं असतं, ते वाचून समाधान माना. साइटवर उतरलेल्या प्लायवरचा शिक्का वाचायला जाल तर मिस्त्री आणि तुम्ही, दोघांचाही दिवस खराब जाईल. सागवान हवंच असेल तर लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये पान उलटा, तिथे ते एक मिलिमीटर जाडीत मिळतं.

आता बसण्याकडे येऊ. आधुनिक सोफा जमिनीपासून इतका खाली असतो आणि इतका खोल असतो की त्यावर बसत नाहीत, त्यात पडतात. पाठ टेकवली तर पाय लोंबतात, पाय टेकवले तर पाठ अधांतरी. म्हणून वर सात उशा असतात, त्या बसण्याआधी उचलून बाजूला ठेवायच्या आणि उठल्यावर पुन्हा तिरक्या मांडायच्या. आजोबा एकदा बसले की त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. हा दोष समजू नका. ते सारखे उठून पंखे बंद करत फिरत होते, ते आता बंद झालं. पंखेही नाहीत म्हणा. आजींसाठी नाश्त्याच्या काउंटरपाशी उंच स्टूल आहेच. संधिवातानं ग्रासलेली बाई त्यावर एकदा चढली की चहा होईपर्यंत कुठे जात नाही.

खुर्च्यांच्या बाबतीत थोडं वाचन असलेलं बरं, पाहुण्यांसमोर फेकता येतं. इराणी हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची आठवते? त्या घराण्याची मूळ खुर्ची मूळचे जर्मन सुतार मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली काढली, चौदा नंबरची. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांत ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. हेतू एवढाच की हॉटेलवाल्याला स्वस्तात मिळावी, गिऱ्हाईकानं बसावं, मस्का पाव खावा आणि गल्ल्यावर पैसे देऊन निघावं. तिच्यावर बसून लोकांनी आयुष्यभर वायफळ गप्पा मारल्या आणि ती मोडली नाही. आज तिचीच नक्कल 'इराणी कॅफे लूक' म्हणून चौपट दामानं घ्या. घेतल्यावर बसायचं तेवढं नाही, ती कोपऱ्याची शोभा आहे.

याहून सुरस कथा चंदीगडची. शहर नवं वसत होतं तेव्हा त्याचा आराखडा आखणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या आखल्या. कंपासासारखे फाकलेले पाय, वेताची पाठ. कारकुनांनी त्यावर दशकानुदशकं फायली उपसल्या. पुढे प्लास्टिकच्या आणि चाकांच्या खुर्च्या आल्या, तेव्हा या गच्च्यांवर नि आवारांत ढीग घालून ठेवल्या आणि भंगाराच्या भावानं लिलावात काढल्या. परदेशातल्या चाणाक्ष दुकानदारांनी त्या उचलल्या, पुसल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला हुकूम काढावा लागला की बाबांनो, आता यांची विक्री थांबवा. तोवर बऱ्याच खुर्च्या समुद्रापार जाऊन सेलिब्रिटींच्या दिवाणखान्यात बसल्या होत्या. म्हणजे बाबूला ज्या खुर्चीवर बसून कंटाळा यायचा, तिच्याच शेजारी आता सेलिब्रिटी उभे राहून फोटो काढतात. तुम्हालाही तिची नक्कल ऑनलाइन मिळेल. वेत यंत्रावर विणलेला असतो, दोन पावसाळ्यांत ढिला पडतो. पूर्वी असा वेत पुन्हा विणून द्यायचं काम अंध कारागीर करत, त्यांना ते शाळेतच शिकवत. आता असा कारागीर शोधण्यापेक्षा नवी खुर्ची मागवणं सोपं पडतं, शिवाय तिच्याबरोबर खोकं येतं.

'जपांडी' हा प्रकार मात्र आवर्जून करा. जपान आणि स्कँडिनेव्हिया यांची सोयरीक. जमिनीलगतची बैठक, एक चटई, मातकट रिकामी भिंत, मोजकं सामान, कोपऱ्यात एकच मडकं. गिरणगावातल्या दहा बाय बारा खोलीत हे सगळं होतं, शिवाय सात माणसं होती. त्या भिंतीला डिझायनरची फी लागली नव्हती, एवढाच फरक.

घरात परंपराही दिसली पाहिजे. त्यासाठी गावच्या घरातून पाण्याचा पितळी बंब आणा, आतला जाळ काढून बल्ब बसवा. घंगाळात कमळाची प्लास्टिकची फुलं तरंगवा. जात्यावर काच टाकून टीपॉय करा आणि पाटांवर चार नखरेल रोपं चढवा. गावच्या घरात या वस्तू नसतील तर मुंबईत चोरबाजार आहे, पुण्यात जुना बाजार आहे. आपल्याच आजीची नसली तरी कुणाच्या तरी आजीची वस्तू घरात असावी. एकच काळजी घ्या. खरी आजी हयात असेल तर बंबातला दिवा लावायच्या वेळी ती तिथे नसेल असं बघा. ती "यात पाणी कुठंय?" असं विचारेल आणि पाहुण्यांसमोर उत्तर देणं जड जाईल.

लोखंडी गोदरेजचं कपाट मात्र भंगारवाल्याला देऊन टाका. आरसा आहे, दोन कुलुपं आहेत, चोरकप्पा आहे, पन्नास वर्षांत पत्रा वाकलेला नाही, पण फोटोत ते भलतंच खरं दिसतं. त्याच्या जागी हायड्रॉलिक पलंग घ्या. सगळ्या साड्या, रजया, लग्नातली भांडी आत ठेवा. वरची आठ इंची गादी आणि तिच्यावर झोपलेला नवरा, दोन्ही एकदम उचलता येत नाहीत, त्यामुळे आतली रजई साधारण थंडी संपल्यावर हाती लागते.

सगळं झालं की डिझायनरचा फोटोग्राफर येतो. शेवटचा हप्ता त्याच दिवशी देतात, म्हणून तो दिवस नीट पार पाडा. बाल्कनीतली कपड्यांची दोरी सोडा, दारातल्या चपला बिल्डिंगच्या जिन्यात न्या, फ्रिजवरचं सगळं काढा. टीपॉयवरचं पुस्तक जाड हवं, भाषा कोणतीही चालेल. लिंबं सात, लाकडी वाडग्यात. मुलांना शेजाऱ्यांकडे सोडा. आई-बाबांना मात्र सकाळीच मावशीकडे पोचवा आणि संध्याकाळी आणायला जाताना घाई करू नका. मावशीकडे अजून दिवाण आहे, लोड आहे, आणि हॉलच्या मधोमध गरगर फिरणारा पंखा आहे. "आज इथंच राहतो," असं बाबा म्हणतील. आग्रह करू नका, गोळ्यांचा डबा तेवढा रिक्षानं पाठवून द्या.