‘अडकलं की फायनलायझर काढा’ म्हणे!

माझी भाची सहा महिन्यांपूर्वी इन्फ्राच्या, म्हणजे कंपनीचे सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागली. परवा रात्री तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, "मामा, हे असंच करायचं ना?" तोच मेसेज मी तीन ग्रुपांत बघून सोडून दिला होता. आता सोडवेना. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात खरा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचा गट) येणार आहे.

मेसेजचं नाव ‘कुबेरनेटीसवर स्टोरेज १० मिनिटांत’. कुबेरनेटीस म्हणजे अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली; सेफ त्या सर्व्हरांच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवतं, आणि रूक सेफला कुबेरनेटीसवर बसवतो. म्हणणं थोडक्यात असं: एक, रूक ऑपरेटर (सेफ उभं करून सांभाळणारा प्रोग्रॅम) टाका, क्लस्टरची यामल (सेटिंगची फाइल) अप्लाय करा, काम झालं. दोन, ‘यूज ऑल नोड्स’ आणि ‘यूज ऑल डिव्हायसेस’ ट्रू ठेवा, प्रत्येक नोडवरच्या (सर्व्हरवरच्या) डिस्क ऑपरेटर शोधतो. तीन, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात, बॅकअप लागत नाही. चार, नोड पडला तर ऑपरेटर नवी प्रत बनवतो. पाच, काही अडकलं तर फायनलायझर (डिलीट रोखून धरणारी खूण) काढा, नेमस्पेस (सगळं ज्यात ठेवलंय तो कप्पा) उडवा, पुन्हा इन्स्टॉल करा; डेटा डिस्कवरच असतो, नवा क्लस्टर तो उचलतो.

पाचव्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात.

सेफ क्लस्टरचा रिसोर्स (कुबेरनेटीसमधली त्याची नोंद) डिलीट केला की तो बहुतेक वेळा ‘टर्मिनेटिंग’वर थांबतो. लोकांना वाटतं, बग आहे. रूकच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आपत्तीनंतरच्या दुरुस्तीचं एक पान आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने उघडलेलं दिसत नाही. तिथे स्पष्ट लिहिलंय की आत डेटा दिसत असेल तर ऑपरेटर मुद्दाम फायनलायझर सोडत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला अडकणं म्हणताय तो दाराला लावलेला अडसर आहे, आणि हा मेसेज सांगतोय की अडसर काढून फेका.

काढल्यावर काय होतं? डिप्लॉयमेंट (प्रोग्रॅम कसा चालवायचा त्याची नोंद), कॉन्फिगमॅप (सेटिंग), सीक्रेट (गुप्त माहिती) या सगळ्यांवर मालक म्हणून त्या क्लस्टर रिसोर्सचं नाव असतं. मालक गेला की कुबेरनेटीसचा गार्बेज कलेक्टर त्याच्यामागे असलेलं सगळं झाडून नेतो. त्यात मॉनिटरचं (क्लस्टरचा नकाशा सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमचं) सीक्रेट जातं, ज्यात क्लस्टरची ओळख आणि किल्ल्या असतात. म्हणून तर त्या पानावर फायनलायझर काढण्याआधीच्या पायऱ्या आहेत: ऑपरेटर शून्यावर आणा, रिसोर्स आणि सीक्रेट्सची प्रत काढून ठेवा, मालकीचे उल्लेख काढा. मेसेजमध्ये यातली एकही नाही.

आणि ‘नवा क्लस्टर तो उचलतो’? नाही उचलत. नव्या क्लस्टरला नवी ओळख मिळते. ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) तयार करणारा पॉड (कुबेरनेटीस चालवतं तो प्रोग्रॅमचा घटक) जुन्या डिस्कवरची जुनी ओळख वाचतो, ही दुसऱ्या सेफ क्लस्टरची आहे असं लॉगमध्ये लिहितो आणि पुढे जातो. शिवाय मॉनिटर जिथे चालत होते त्या होस्टवर (सर्व्हरवर) /व्हार/लिब/रूक मध्ये जुन्या मॉनिटरचा डेटा उरलेला असतो, त्यामुळे नवे मॉनिटरही धड उभे राहत नाहीत. एका जुन्या कामाच्या ठिकाणी मी हे पाहिलंय. त्यानंतर चिडलेल्या माणसाने जे केलं ते सगळे करतात: डिरेक्टरी उडवली, डिस्क झॅप केल्या, म्हणजे पुसून कोऱ्या केल्या. तोवर डेटा परत मिळवता आला असता. जुन्या मॉनिटरच्या फोल्डरांवरून क्लस्टर उभा करायची किचकट पण लिहून ठेवलेली पद्धत आहे. झॅपनंतर काहीच उरलं नाही.

खरोखरच सगळं पुसायचं असेल तर त्यालाही सरळ वाट आहे. क्लीनअप पॉलिसीमध्ये ‘येस-रियली-डिस्ट्रॉय-डेटा’ हे अक्षरशः टाइप करावं लागतं. एवढं लांबलचक वाक्य त्यांनी हौसेने ठेवलेलं नाही.

तिसरा मुद्दा. देवनागरीत लिहिलं की सेफ हे नाव आणि ‘सुरक्षित’ या अर्थाचं सेफ सारखंच दिसतं, गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. (मूळ नाव ऑक्टोपसच्या कुळावरून आहे.) तीन प्रती डिस्क मेल्यावर उपयोगी पडतात. चुकीचं टेबल ड्रॉप केलं तर ते तिन्ही ठिकाणी त्याच क्षणी ड्रॉप होतं. स्टोरेज क्लासमध्ये (जागा कशी द्यायची त्याच्या नियमांत) रिक्लेम पॉलिसी लिहिली नाही तर ती ‘डिलीट’ असते, म्हणजे पीव्हीसी (प्रोग्रॅमने केलेली जागेची मागणी) गेली की व्हॉल्यूम गेला. स्नॅपशॉटही त्याच क्लस्टरवर, त्याच डिस्कांवर राहतात. क्लस्टरबाहेर प्रत नसेल तर बॅकअप नाही, बस.

चौथा अर्धवट खरा आहे. मॉनिटर साधारण १० मिनिटं गायब राहिला तर ऑपरेटर दुसरा उभा करतो, हे मान्य. पण डेटाच्या प्रती सेफ सांभाळतो. ऑपरेटर बंद असला तरी वाचन-लेखन चालू राहतं. आणि नोड तीनच, प्रती तीन, फेल्युअर डोमेन होस्ट असेल (म्हणजे प्रत्येक प्रत वेगळ्या सर्व्हरवर) तर एक नोड गेल्यावर तिसरी प्रत ठेवायची कुठे? दोन प्रतींवर रखडत चालतं आणि स्टेटसमध्ये ‘अंडरसाइझ्ड’ दिसत राहतं. चौथा नोड असला तरी जागा बघा, डिस्क ९५ टक्के भरली की लेखन थांबतं.

पहिल्याबद्दल काय बोलायचं? पॉड ‘रनिंग’ दिसतात हे खरं. टूलबॉक्समध्ये (सेफच्या कमांड चालवायच्या पॉडमध्ये) जाऊन सेफ स्टेटस बघा, ओएसडी शून्य असतील तर तुमची पीव्हीसी जन्मभर ‘पेंडिंग’ राहील.

दुसऱ्याबाबतीत नाइलाजाने मेसेजची थोडी बाजू घेतो. ऑपरेटर ओएसची डिस्क खाऊन टाकतो ही भीती उगाच पसरलीय. फाइल सिस्टिम किंवा पार्टिशन दिसलं की तो त्या डिस्कला हात लावत नाही. पण कोरी दिसणारी प्रत्येक डिस्क तो घेतो, तुम्ही ती उद्या दुसऱ्या कामाला ठेवलेली असली तरी. नोडनिहाय डिस्कची नावं लिहून द्या, तीही ‘बाय-आयडी’वाली (डिस्कच्या कायम ओळखीवरून असलेली), कारण एसडीबी नावाची डिस्क रीबूटनंतर एसडीसी होऊ शकते.

भाचीला यातलं निम्मंच लिहिलं आणि प्रत्येक नोडवर एलएसबीएलके -एफ (डिस्कवर कोणती फाइल सिस्टिम आहे ते दाखवणारी कमांड) चालवायला सांगितलं. सकाळी उत्तर आलं, "मामा, दुसऱ्या नोडच्या दोन डिस्कांवर एक्सएफएस दिसतंय. पुसू?" म्हटलं, थांब, एक्सएफएस म्हणजे फाइल सिस्टिम, आधी माउंट करून आत काय आहे ते बघ.